चार डिस्कांची वाटणी

उस्ता फिक्रीच्या दुकानात गिऱ्हाईक शिरलं की त्याला "या, बसा" असं कोणी म्हणत नाही. फिक्री मान वर न करता म्हणतो, "तोंड दाखवा." नवखा माणूस बिचारा उजेडाकडे वळून स्वतःचं तोंड दाखवतो. फिक्रीला ते नको असतं. त्याला हार्ड डिस्कचं तोंड हवं असतं, म्हणजे जिथे केबल लागते ती कड. माणसाच्या तोंडावरून काही कळत नाही असा त्याचा अनुभव आहे. डिस्कचं तोंड मात्र पाहिल्याबरोबर ती कोणत्या काळातली, कोणत्या घराण्यातली आणि कोणाशी जमवून घेईल, हे त्याला सांगता येतं. आणि तो ते सांगतोच. विचारलं नाही तरी सांगतो.

आमचं दुम्यात हे लाकडाचं गाव. नाईल इथे समुद्राला मिळायच्या बेतात असते, पण गावाला तिचं फारसं कौतुक नाही. गावाचं सगळं लक्ष पलंग, कपाटं आणि खुर्च्यांकडे. इथे माणूस सुतार तरी असतो, नाहीतर कोरीवकाम करणारा, नाहीतर पॉलिशवाला, आणि यातलं काहीच जमलं नाही तर फर्निचरचा व्यापारी. मी फिक्रीच्या समोर जुन्या पुस्तकांचं दुकान चालवतो, म्हणजे मला तेही जमलेलं नाही.

फिक्री मुळात खुर्च्यांचा सुतार. हात चांगला होता. पण तिशी ओलांडली आणि त्याला लाकडाच्या भुशाने शिंका येऊ लागल्या. दुम्यातच्या सुताराला भुशाच्या शिंका म्हणजे कोळ्याला बोट लागावी तसं. काही वर्षं त्याने नाकाला फडकं बांधून काढली. मग एकदा एका मोठ्या घरच्या खुर्चीचा पाय बसवताना ऐन वेळी शिंक आली आणि त्या खुर्चीला तीन पाय उरले. त्याने हत्यारं मेहुण्याला दिली आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. तो हे कुठे शिकला, याचं उत्तर तो दर खेपेला वेगळं देतो. शिंका मात्र गेल्या नाहीत. प्लायवुडच्या गल्लीकडून वारा सुटला की आजही तो दारात उभा राहून शिंकतो, आणि गिऱ्हाईकं हातातल्या डिस्का सांभाळत त्याला दुवा देतात.

दुकानाच्या भिंतीवर एक लांब फळी आहे. शिकाऊ सुताराला सांधे शिकवायला अशी फळी असते. कुसू कसं, खाच कशी, कुठला सांधा कशात बसतो, सगळे नमुने ओळीने. फिक्रीच्या फळीवर डिस्कांची तोंडं लावलेली आहेत. पहिलं तोंड रुंद, दोन ओळी पिनांचं, कंगव्यासारखं. "ही आयडीई. म्हातारी आहे, मान द्यायचा. जोर केला की पिना वाकतात." दुसरं साटाचं: दोन चपट्या जिभा, एक आखूड, एक लांब, टोकाला काटकोनात वळलेल्या. "उलटी घालूच शकत नाही. ज्याने काढली त्याचा बाप नक्की सुतार असणार." तिसरं सॅसचं, मोठ्या कंपन्यांच्या यंत्रांत असतं ते. दिसायला अगदी साटासारखं, फक्त दोन जिभांमधली फट भरून काढलेली. "साटाची डिस्क सॅसच्या सॉकेटात बसते, सॅसची साटाच्या सॉकेटात बसत नाही. बारीक पाय मोठ्या चपलेत जातो, उलटं होत नाही. आणि नुसतं बसण्याचा प्रश्न नाही, दोघींची भाषा वेगळी." शेवटी एक यूएसबीची वायर लोंबत असते. "हे तोंड नव्हे. हा दुभाष्या. डबी उघडलीत तर आत साटाच निघेल."

दुकानामागच्या खोलीत त्याची बायको इन्शिराह खुर्च्यांच्या गाद्या शिवते आणि नवऱ्याच्या बढाया उसवते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात.

फिक्रीच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे हाजी रिदवान यांची पेटी. हाजी रिदवान गावातले नावाजलेले कोरीवकाम करणारे. ते कोरायचा नकाशा कागदावर काढत नसत, पूर्ण मापाने प्लायवुडवर काढत. काढून झाला की नात हनादी त्याचे तुकड्यातुकड्याने फोटो घेई, ते कॉम्प्युटरवर जोडी, आणि हाजी लगेच त्या प्लायवुडवर रंधा मारून नकाशा पुसून टाकत. फळी पुन्हा वापरायला मोकळी. आमच्या गावाला इतर गावं चिकट म्हणतात. आम्ही त्याला लाकडाबद्दलचा आदर म्हणतो. तर हाजींचे आयुष्यभराचे गुलाब, शिंपले आणि वेली आता फक्त कॉम्प्युटरमध्ये होत्या, आणि त्या कुठे ठेवायच्या हे ठरवायचं काम फिक्रीकडे आलं.

त्याने कैरोहून मोठ्या यंत्रांतून निवृत्त झालेल्या चार सॅस डिस्का आणल्या. हाजींनी एक तळहातावर तोलली, नखाने टकटक करून कानाशी धरली आणि म्हणाले, "सुकलेली आहे."

"हाजी, ही धातूची आहे."

"म्हणूनच."

चौघी एकाच पेटीत बसवायच्या होत्या. फिक्रीने त्यांना मांडणी समजावली. "समजा चार कामगार आहेत. तिघं आपापलं माप सांगतात, चौथा तिघांची बेरीज लक्षात ठेवतो. एक जण आजारी पडला तर बेरजेतून बाकीच्यांची मापं वजा करायची, त्याचं माप हातात येतं. बेरीज राहिली तर मापं आहेतच. तसं हे."

"म्हणजे चार डिस्का घ्यायच्या आणि जागा तिघींचीच? चौथी बसून खाणार?"

"बसून खात नाही हो. जामीन आहे ती. आणि एकटीच नाही, चौघी पाळीपाळीने बेरीज सांभाळतात."

"आणि दोघी एकदम मेल्या तर?"

"दोघी एकदम मेल्या तर हाजी, तुम्ही आणि मी मयताला जाऊ."

हाजींना हे उत्तर पटलं. त्यांनी चारही डिस्का बाकावर एकमेकींना खेटून उभ्या केल्या, खिशातून मेणाची लाल पेन्सिल काढली आणि चौघींच्या कडांवरून एक मोठा त्रिकोण ओढला. सुतार चार फळ्या जोडायला घेतो तेव्हा असाच त्रिकोण ओढतो. पुढे फळ्या कितीही विस्कटल्या तरी रेघा जुळवल्या की कोणती कुठली ते कळतं. हाजींच्या कारखान्यात चार वस्तू शेजारी ठेवल्या आणि त्यांवर त्रिकोण पडला नाही, असं कधी झालं नव्हतं.

फिक्री भडकला. "हाजी! ही काय फळी आहे? मी आकड्यांच्या चिकटपट्ट्या लावतोय ना, एक-दोन-तीन-चार!"

"लाव की. मी कुठे अडवलंय?"

फिक्रीने पट्ट्या लावल्या, आणि आठवडाभर सगळ्या गल्लीला सांगत सुटला की जुन्या माणसांना यंत्रातलं काही कळत नाही. इन्शिराहने विचारलं, "पट्ट्यांचा गोंद कुठला?" त्याने सांगितलं, उत्तम. तिने मान हलवली. गोंदाबद्दल दुम्यातच्या बाईला फसवता येत नाही.

काही वर्षांनी हाजी रिदवान गेले. भरल्या घरात, भरल्या वयात गेले. मागे दोन मुलगे. थोरला शौकी आणि धाकटा बद्री. शौकीला कोरीवकामाचं मशीन हवं होतं, नकाशा भरला की आपोआप लाकूड कोरणारं. बद्रीचं म्हणणं, मशीनने कोरलेला गुलाब म्हणजे छापलेला गुलाब. वडील होते तोवर दोघं हे त्यांच्यासमोर बोलत नव्हते. वडील गेल्यावर दुसरं काही बोलेनात. अखेर वाटणी करायचं ठरलं आणि लाकडाच्या बाजारातले वडीलधारे हाजी अबुल-मआती यांना मध्यस्थ म्हणून बोलावलं.

हाजी अबुल-मआतींच्या न्यायाला आजवर कोणी नाव ठेवलेलं नाही. त्यांनी हत्यारं वाटली, फळ्या वाटल्या, कॉम्प्युटर शौकीला दिला तर स्क्रीन बद्रीला दिला. मग पेटीतून चार डिस्का निघाल्या. आमच्याकडे लाकूड वाटताना गठ्ठाच्या गठ्ठा देत नाहीत, नाहीतर चांगला गाभा एकाकडेच जातो. एक तुला, एक त्याला, अशी पाळी लावतात. हाजींनी तसंच केलं. पहिली शौकीला, दुसरी बद्रीला, तिसरी शौकीला, चौथी बद्रीला. कोणावर तिळमात्र अन्याय झाला नाही. फिक्री त्या दिवशी सासुरवाडीच्या लोकांबरोबर रास-अल-बर्रच्या समुद्रावर मासे खात होता, आणि आपल्या आयुष्यातल्या सर्वांत मोठ्या कामाचे दोन समान भाग होताहेत याची त्याला वार्ताही नव्हती.

ती वार्ता त्याला हनादीने दिली. शौकीची मुलगी, तीच फोटो काढणारी. एका सकाळी ती कापडी पिशवी घेऊन आली. मी तेव्हा तिथेच चहा पीत होतो.

"उस्ता, यातून मला एकच नकाशा काढून द्या. माझ्या पलंगाचा. ईद झाली की माझं लग्न आहे."

"तोंड दाखव," फिक्री म्हणाला, आणि पिशवीतून दोन ओळखीच्या डिस्का निघाल्या तसा हसला. "अरे वा, माझ्या लेकी! बाकीच्या दोघी कुठे?"

"बद्रीकाकांकडे. वाटणी झाली ना."

फिक्री स्टुलावर बसला. स्टूल तिथे होतं हे नशीब.

"वाटणी? अगं पोरी, ही काय कलिंगडं आहेत? या चौघींत मिळून एक वस्तू आहे! प्रत्येक नकाशाचे बारीक तुकडे करून चौघींवर पसरलेत. दोघींकडे मिळून नकाशाचा अर्धा भाग नाही, नुसता चुरा आहे!"

"म्हणजे माझा पलंग गेला?"

तिचा आवाज बदलला होता. फिक्रीने विचारलं, "असं काय आहे त्या पलंगात? दुम्यातमध्ये पलंगांना काय तोटा?"

"आजोबांनी उशाची फळी माझ्यासाठी काढली होती. डाळिंबाची फांदी आहे, पक्षी आहेत, आणि एक पक्षी सगळ्यांकडे पाठ करून रुसून बसलाय. तो मी आहे. लहानपणी मी तशी बसायची. मी फोटो काढला आणि त्यांनी त्याच दिवशी फळीवर रंधा मारला. मला दुसरा कुठलाही पलंग नको. रुसलेला पक्षी कोणत्याही दुकानात मिळत नाही."

मागच्या खोलीतलं शिवणयंत्र थांबलं होतं. इन्शिराह दारात आली. "अहो वलीदचे बाबा, जगभर सांगत फिरता ना, एक मेली तरी चालतं म्हणून? मग पोरीला चार कशाला हव्यात? तीन पुरतील."

फिक्रीने बायकोकडे अशा नजरेने पाहिलं की जणू हे तोच बोलणार होता. "तेच तर सांगतोय. काकांकडून एक आण, बस."

"बाबा आणि काका बोलत नाहीत. बाबांनी मला त्यांच्या दारात पाऊल टाकायचं नाही म्हणून सांगितलंय."

"तुला सांगितलंय," इन्शिराह म्हणाली. "यांना नाही."

म्हणून दुपारी फिक्री बद्रीच्या कारखान्यात गेला. शिंकांच्या भीतीने त्याने मला बरोबर घेतलं. एकाने बोलायचं आणि एकाने डिस्क धरायची. बद्री गडी दिलखुलास. त्याने चहा मागवला, पुतणीच्या लग्नाची बातमी ऐकून त्याचे डोळे भरले, आणि भावाचं नाव निघताच कोरडे झाले.

"डिस्का ना? आहेत की. एक तर मी चालू करायचा प्रयत्नही केला. बाजारातून यूएसबीची वायर आणली. पण तोंड बसेना. मधे एक पट्टी आडवी येत होती."

फिक्रीच्या चेहऱ्याचा रंग उतरायला लागला. "मग?"

"मग काय? सांधा घट्ट असला तर आपण काय करतो? पटाशी घेतली आणि पट्टी छाटली. बघ काय सफाई आहे!"

त्याने डिस्क पुढे केली. सफाई खरोखरच अप्रतिम होती. साटा आणि सॅस यांच्यातला सगळा फरक बद्रीने दुम्यातच्या पद्धतीने मिटवला होता, आणि त्याबरोबर आतल्या सोनेरी रेघाही.

"अल्ला तुझे हात सलामत ठेवो," फिक्री हळूच म्हणाला. "तू तिची जीभ कापलीस."

"पण बसली ना!"

"बसली. बोलली का?"

बद्रीने विचार केला. "नाही. बोलली नाही."

"दुसरी कुठे आहे?"

बद्रीने कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे नुकताच गोंद लावलेला एक खण सुकत होता आणि त्याच्या सांध्यावर वजन म्हणून दुसरी डिस्क ठेवलेली होती. "तिला हात नको लावू आता, गोंद ओला आहे. छान वजन आहे हां तिचं. मी म्हटलं, हिची पट्टी नंतर छाटू."

फिक्री तिथेच शिंकला. पाच-सहा वेळा. मी खणावरची डिस्क उचलून छातीशी धरली. आता हिशेब सगळ्यांना कळण्यासारखा होता. हनादीकडे दोन, इथे एक. चौथी मेली तरी चालतं, तर ती मेली होती. आता आणखी एक गेली की पक्षी कायमचा गेला.

पण बद्री डिस्क सोडेना. "माझ्या बापाची वस्तू आहे, माझ्या हातातून जाणार नाही. मी स्वतः घेऊन येईन. मात्र तो तिथे असेल तर मी येणार नाही." संध्याकाळी शौकीनेही अगदी हेच शब्द ऐकवले. फिक्रीने दोघांनाही सांगितलं की दुसरा येणार नाही. हे खोटं होतं, पण दोघांना सारखं वाटलेलं होतं. हाजी अबुल-मआतींनासुद्धा त्यात पक्षपात सापडला नसता.

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून दोघं भाऊ दोन बाजूंनी आले आणि दुकानाच्या दारात एकमेकांसमोर उभे राहिले. निघून जायला दोघांनाही हरकत नव्हती. पण आधी जो जाईल तो हरला, असं दोघांना वाटत असावं. शिवाय आतून इन्शिराहच्या बदकाचा वास येत होता. कांदा भरलेलं बदक. त्या वासाकडे पाठ फिरवणारा माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा आहे.

"आधी नक्कल," फिक्रीने जाहीर केलं. "मूळ डिस्कवर काम करायचं नाही. तिन्ही नव्या डिस्कांवर उतरवून घेऊ, मग बघू." हे वाक्य त्याने इतक्या थाटात म्हटलं की आत इन्शिराहने पातेल्यावर झाकण आपटलं.

पहिल्या दोन डिस्का मुकाट्याने उतरल्या. तिसरी, खणावर बसलेली, खोकायला लागली. टक्, टक्, मग घरघर, मग पुन्हा टक्. स्क्रीनवरचा आकडा थांबला. हनादीने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

दोघं भाऊ दोन कोपऱ्यांत बसले होते आणि हनादीमार्फत बोलत होते.

"हनादी, काकांना विचार, डिस्क ही काय विटेसारखी वापरायची वस्तू आहे?"

"हनादी, बाबांना सांग, ज्याने आख्खा कॉम्प्युटर भंगारात दिला त्याने विटेबद्दल बोलू नये."

हे खरं होतं. चौघींचा क्रम ज्या कार्डाला पाठ होता ते कार्ड शौकीने नवं मशीन घेताना जुन्या कॉम्प्युटरबरोबर भंगारवाल्याला देऊन टाकलं होतं.

फिक्रीने खोकणाऱ्या डिस्कखाली ओला रुमाल ठेवला, तिच्यावर पंखा सोडला आणि तिच्याशी बोलायला लागला. "चल माझ्या लेकी. थोडंच राहिलंय. लोकांनी तुला खणावर बसवलं, मला माहीत आहे. माणसं अशीच असतात." आकडा हलला. थांबला. पुन्हा हलला. बदक खाऊन झालं, चहा झाला, बद्रीने दुसऱ्यांदा बदक खाल्लं, शौकीने ते मोजलं, आणि एकदाची ती डिस्क शेवटपर्यंत उतरली. मग ती एक लांब सुस्कारा टाकून गप्प झाली आणि पुन्हा कधी सुरू झाली नाही. तिचं काम झालं होतं.

आता क्रम. फिक्रीने आपल्या चिकटपट्ट्या शोधल्या. तिन्ही डिस्कांवर तीन पिवळे चौकोन होते आणि पट्टी एकही नव्हती.

"गोंद," इन्शिराह म्हणाली. एवढंच.

"मला पाठ आहे," फिक्री म्हणाला आणि आठवणीने क्रम लावला. स्क्रीनवर चित्र उघडलं. डाळिंबाचा एक पट्टा, मग काळी रेघ, मग कुठल्यातरी कपाटाची कड, मग अर्धी चोच, मग राखाडी गिचमिड. भुसा दाबून त्याची फळी करतात तसं दिसत होतं. त्याने दुसरा क्रम लावला. चोचही गेली. हनादी सगळ्यांकडे पाठ करून बसली, आणि त्या क्षणी ती नकाशातल्या पक्ष्यासारखीच दिसत होती.

शौकीचं लक्ष मुलीकडे गेलं, मग बाकावर पडलेल्या डिस्कांकडे. तो उठला. स्वतःच्या दोन डिस्का उचलून त्याने कडा उजेडात धरल्या. एकीवर तळापासून चढायला लागलेली लाल रेघ होती. दुसरीवर वरून उतरायला लागलेली.

"हनादी," तो म्हणाला, "काकांना सांग, टोक वर असतं."

बद्रीही उठला होता. "हनादी, बाबांना सांग, टोक वर असतं हे मलाही त्याच माणसाने शिकवलंय."

बद्रीने आपली खणावरची डिस्क शौकीच्या दोघींच्या मधे ठेवली. चढती रेघ टोकापर्यंत पोचली. उजवीकडे एक जागा उरली. बद्रीने खिशातून ती छाटलेली, मुकी डिस्क काढली आणि जरा ओशाळून त्या जागी उभी केली. उतरती रेघ तळाला टेकली.

बाकावर हाजी रिदवान यांचा त्रिकोण पुरा झाला होता. लाल, थोडा तिरपा, हात थरथरायला लागल्यावर ते काढत तसा. फिक्री त्याकडे बघत राहिला. मग त्याने क्रम भरला: पहिली, दुसरी, तिसरी, चौथी गैरहजर.

चित्र उघडलं. वरून खालपर्यंत, एका फटीशिवाय. डाळिंबाची फांदी, फुटलेली फळं, दाणे टिपणारे पक्षी, आणि उजव्या कोपऱ्यात एक गुबगुबीत पाठ. हनादी हसली आणि रडली, दोन्ही एकाच नाकातून.

"बीचच्या लाकडात सुरेख दिसेल," शौकी म्हणाला.

"बीच? ही पानं बीचमध्ये? अक्रोड पाहिजे अक्रोड!"

"अक्रोड मशीनवर फुटतं."

"मग मशीनवर टाकतोस कशाला? तुझं मशीन त्या पक्ष्याची पाठ घासून चमचा करून टाकेल!"

"पाठ तू कर रे बाबा! मी चौकट म्हणतोय, चौकट!"

"चौकट मग नीट बोल ना, पक्षी-पक्षी काय करतोस!"

"पक्षी तू म्हणालास!"

हनादी दोघांच्या मधे उभी होती. तिला आता काहीच काम उरलं नव्हतं.

फिक्रीने संधी साधून भाषण केलं. ते मी थोडक्यात देतो, कारण त्याने थोडक्यात दिलं नाही. पेटी म्हणजे नक्कल नव्हे. पेटी एक डिस्क मेली तर सांभाळून घेते. पेटी जळाली, चोरीला गेली किंवा भाऊ भांडले तर ती काही करू शकत नाही. त्यासाठी आख्खी नक्कल वेगळ्या घरात ठेवावी लागते. म्हणून त्याने सगळे नकाशे दोन यूएसबी डिस्कांवर उतरवून दोघांना एकेक दिली आणि तिसरी स्वतःकडे ठेवली. पुढच्या आठवड्यात हाजी अबुल-मआती चौकशीला आले. त्यांना कळलं की शौकीला सगळे नकाशे मिळाले आणि बद्रीलाही सगळेच मिळाले. ते बराच वेळ दाढी कुरवाळत बसले. "दोघांनाही सगळं?" ते म्हणाले. "मग याला वाटणी कसं म्हणायचं?" लाकडाच्या धंद्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि असा माल त्यांनी कधी पाहिला नव्हता.

ईदनंतर नवरीचं फर्निचर सासरी निघालं. ढोलवाले पुढे, गाड्या मागे, आणि पहिल्याच गाडीवर पलंगाची उशाची फळी उभी बांधलेली, सगळ्या रस्त्याला दिसेल अशी. चौकट बीचची, शौकीच्या मशीनची. फांदी आणि पक्षी अक्रोडाचे, बद्रीच्या हातचे. फळीच्या मागच्या बाजूला लाल त्रिकोण होता. तो कोणी काढला यावर दोघं भाऊ गाडीवानाला ओरडण्याच्या मधल्या वेळात भांडत होते. फिक्री गाडीमागून शिंकत चालला होता, नव्या लाकडाचा भुसा अजून पुरता झटकलेला नव्हता. एका बाजूला इन्शिराह झगारीत, म्हणजे जीभ घोळवून आनंदाच्या आरोळ्या, काढत होती, इतक्या जोरात की ढोलवाले ताल चुकले.

सासरच्या दारात नवऱ्याची आई पुढे आली. तिने फळी निरखली, लाकडावर नख मारलं, मान डोलावली. मग तिचं बोट कोपऱ्यात थांबलं.

"सगळं देखणं आहे. पण हा एक पक्षी उलटा बसलाय. जरा वळवून घ्या."

"नाही," शौकी म्हणाला.

"नाही," बद्री म्हणाला, त्याच श्वासात.

"नकाशातच तसा आहे, हाज्जा," फिक्रीने नाक पुसत खुलासा केला. "आणि नकाशा आता तीन घरांत आहे."